एक्केचाळीस सेकंद

केरसीच्या मामाने क्रॉयडनहून पाठवलेली कॅसेट,
तिची किरीटने केलेली कॉपी, त्या कॉपीची आमची कॉपी.
एवढ्या हातांतून आलेलं ऊन
पिवळं राहत नाही, शेवाळी होतं.
त्या शेवाळी उन्हात चार माणसं
एका कोरड्या धरणाच्या पोटात उभी राहून वाजवतात.
समोर कुणी नाही.
वायरी, खोकी, भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेघा.

दांडिया बाजारात, शिर्क्यांच्या गच्चीवरच्या खोलीत
ते किती वेळा पाहिलं याचा हिशेब
व्हीसीआरच्या हेडलाच माहीत.

वाद पहिल्याच रात्री लागला.
यशोधन म्हणाला, खोटं आहे हे.
गिटारवाल्याचे केस बघा कसे उडतायत,
आणि माइकमध्ये वाऱ्याची फुंकरसुद्धा नाही.
आवाज नंतर भरलाय, बंद खोलीत, पंख्याखाली बसून.
केरसी पेटला: तुझ्या बापाने पाहिलाय स्टुडिओ?
(पाहिला होता. यशोधनचे वडील रेडिओवर
कपाशीचे भाव वाचायचे.)

आणि मग ती जागा.
तिसऱ्या गाण्यात सोलो चढत जातो,
ड्रमर डोळे मिटतो, काठी वर जाते,
आणि पडद्यावर येते किरीटची बहीण फाल्गुनी.
पाटावर, हळदीने माखलेली,
लाजत वगैरे नाही, नुसती कंटाळलेली.
मागून कुणाची तरी काकी ओरडते,
'अल्या, पंखो चालू कर!'
एक्केचाळीस सेकंद.
मग धरण परत येतं. काठी खाली आलेली असते.
ड्रमर घामाने निथळत हसत असतो,
काहीतरी होऊन गेल्यासारखा.

किरीट आईची शपथ घ्यायचा, बटण चुकून दाबलं गेलं.

केरसीच्या मते तिथे काठी तुटली, आणि गड्याने
पुढचं सगळं नुसत्या तळव्यांनी वाजवलं.
यशोधनच्या मते तिथे कट होता, पकडला जाईल असा,
म्हणून देवानेच फाल्गुनीला पाठवलं.
मी म्हणायचो, धरणाच्या काठावर
बकरी शोधत आलेली एखादी बाई थांबली असेल.
यावर सगळे हसायचे.
मीही हसायचो, पण ती बाई मला दिसायची,
पदराने तोंड पुसताना.
क्रॉयडनच्या पलीकडे कुठला पदर, हे
मला फार उशिरा सुचलं.

यशोधन रिफायनरीत चिकटला.
किरीटच्या रावपुऱ्यातल्या दुकानात व्हीसीआर जाऊन
मोबाइलची कव्हरं आली.
एका ऑगस्टात विश्वामित्री केरसीच्या बैठकीत शिरली,
सोफ्याच्या उंचीपर्यंत. मामाची मूळ कॅसेट त्यात गेली.
पाणी ओसरल्यावर फोनवर तो मगरीबद्दल बोलला,
गाळाबद्दल बोलला. कॅसेटचं नाव काढलं नाही.

आता यशोधनच्या मुलाने नवी प्रत आणलीय,
धुतलेली, पुसलेली, एकेक धागा मोजता येईल अशी.
ऊन पांढरंफेक.
आम्ही चौघं गुडघे सांभाळत बसलो.
तिसरं गाणं. काठी वर.

काठी निसटते.
तो पिशवीतून दुसरी काढतो.
एक कागद धरणाच्या तळातून घरंगळत जातो.
कुणीतरी काही बोलतं, ऐकू येत नाही, तो हसतो.
बस्.
फाल्गुनी नाही. काठावर बाई नाही.
किरीट ओठातल्या ओठात पुटपुटला, पंखो चालू कर,
आणि मुलगा खरंच उठून रेग्युलेटर फिरवायला गेला.

तेव्हा केरसी म्हणाला, शूऽऽ, ऐक.
माइकमध्ये वारा होता.
पहिल्या गाण्यापासून, खरखरीत, बेशिस्त.
आमच्याच कॉप्यांनी तो खाल्ला होता.

यशोधन बराच वेळ गप्प.
मग चष्मा पुसत म्हणाला, नंतर घातला असेल.
आजकाल काय, वारासुद्धा कॉम्प्युटरवर मिळतो.

मागे घे, केरसी म्हणाला, आवाज चढलेला.
कुठपर्यंत?
काठी वर जाते तिथपर्यंत.